घराचं पाणी, कारखान्याचं पाणी: शहराशहरांची तुलना नेमकी कशी करायची

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली. पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी, नंतर ५० वाघिणींची गाडी आणि खेपेला २५ लाख लिटर. सारा देश त्या गाडीकडे पाहत होता. आता एक साधा भागाकार करा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या आसपास होती. ५० वाघिणींची अख्खी खेप वाटली तर माणशी साडेसहा लिटर येतात. एक कळशीसुद्धा भरत नाही.

त्याच महिन्यात तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मद्याच्या कारखान्यांना पाणी का द्यायचं यावर वाद पेटला होता. प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेलं आणि मद्यनिर्मितीसह इतर उद्योगांच्या पाण्यात कपात झाली. लोकांचा संताप खरा होता, तहानही खरी होती. पण त्या दिवसांत रेल्वेचे लिटर, धरणाचे दलघमी (दशलक्ष घनमीटर), कारखान्याचे एमएलडी (रोजचे दशलक्ष लिटर) आणि घरातल्या बादल्या एकाच वाक्यात एकमेकांशेजारी ठेवल्या जात होत्या. अशा तुलनेतून ना घरांना न्याय मिळतो, ना उद्योगाला.

मी गेली काही वर्षं शहरांच्या पाण्याचे आकडे जमवतो आहे. पत्रकार, महाविद्यालयीन विद्यार्थी, प्रभागातल्या पाण्यासाठी झगडणारे नागरिक यांना अशी तुलना करायची असते, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: पाणी कुठे मोजलं. धरणाच्या दारापासून घरातल्या नळापर्यंत पाण्याचा आकडा वाटेत चार-पाच वेळा बदलतो. दोन शहरांचे आकडे त्या वाटेवरच्या एकाच ठिकाणचे असतील तरच त्यांची तुलना करता येते.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"कोणतं शहर जास्त पाणी वापरतं?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न मिसळलेत. एक: कोणत्या शहरातल्या माणसाच्या घरात जास्त पाणी पोचतं? दोन: कोणतं शहर नदी-धरणातून जास्त पाणी उचलतं? तीन: एकाच धरणाच्या पाण्यात घरं आणि कारखाने यांचा वाटा किती? पहिल्याला दरडोई लिटर लागतात, दुसऱ्याला वर्षाचं एकूण पाणी, तिसऱ्याला टक्केवारी. यांतला एक निवडा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि वर्षही ठरवा. एका शहराचं दुष्काळी वर्ष दुसऱ्याच्या भरल्या धरणाच्या वर्षाशी लावू नका.

२. मोजायची जागा ठरवा

पाण्याची वाट अशी असते. धरणातून किंवा नदीच्या बंधाऱ्यातून उचललेलं कच्चं पाणी. मग जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेलं शुद्ध पाणी. मग उंच टाक्यांमधून वितरणात गेलेलं. मग मीटरवर किंवा पाणीपट्टीच्या बिलावर नोंदलेलं. आणि शेवटी घरातल्या नळातून खरोखर पडलेलं.

पत्रकार परिषदेत सांगितला जातो तो आकडा बहुतेकदा पहिला किंवा दुसरा असतो. "आम्ही माणशी इतके लिटर देतो" हे वाक्य त्यावरूनच तयार होतं. त्यात गळती असते, चोरीचं पाणी असतं, रुग्णालयं, हॉटेलं, शाळा, सरकारी वसाहती, उद्यानं आणि शहराच्या हद्दीतले छोटे कारखानेही असतात.

समजण्यासाठी दोन काल्पनिक शहरं घेऊ. दोन्हींची लोकसंख्या १० लाख. पहिलं शहर रोज २०० एमएलडी उचलतं. मुख्य जलवाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र यांत ५ टक्के जातं, १९० उरतं. गल्लीबोळातल्या जुन्या नळांत ३० टक्के गळतं, १३३ उरतं. त्यातलं १३ बिगरघरगुती. घरांना १२० एमएलडी, म्हणजे माणशी १२० लिटर. दुसरं शहर १५० एमएलडीच उचलतं. वाटेत ४ टक्के जातं, वितरणात फक्त १० टक्के, बिगरघरगुती साडेनऊच्या आसपास. घरांना तेच १२० लिटर. धरणाच्या दाराशी उभं राहिलात तर पहिलं शहर उधळं दिसतं, आणि पालिकेने २०० ला १० लाखांनी भागून "आमच्याकडे माणशी २०० लिटर" म्हटलं तर सुखी दिसतं. नळाखाली बादली ठेवली की दोन्ही सारखी.

म्हणून वहीत प्रत्येक आकड्यापुढे तो कुठला हे लिहा: कच्चं, शुद्ध, वितरित, बिलातलं की घरातलं. ही सवय लागली की निम्मं काम झालं.

३. सगळं एका मापात आणा

पाटबंधारे खातं टीएमसी आणि दलघमीत बोलतं, पालिका एमएलडीत, कालव्याचा माणूस क्युसेकमध्ये, कारखाना घनमीटरमध्ये आणि टँकरवाला लिटरमध्ये. पुढचे आकडे कागदावर उतरवून भिंतीवर लावा.

१ एमएलडी म्हणजे रोज १० लाख लिटर, म्हणजेच १,००० घनमीटर.
१ दलघमी म्हणजे १० लाख घनमीटर. वर्षभर पुरवून वापरलं तर रोज २.७४ एमएलडी.
१ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, २८.३२ दलघमी. वर्षभर पुरवलं तर रोज ७७.६ एमएलडी.
१ क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट प्रवाह, दिवसभर चालला तर २.४५ एमएलडी.

पुण्याचं उदाहरण घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांच्या साखळीतून पुण्याचा मंजूर कोटा ११.५ टीएमसी की त्याहून जास्त, यावर महापालिका आणि जलसंपदा विभाग यांचं वर्षानुवर्षं भांडण चाललं. ११.५ टीएमसी म्हणजे रोज सुमारे ८९२ एमएलडी. २०११ च्या ३१ लाख २४ हजार लोकसंख्येने भागा: माणशी २८५ लिटर. शहरात आज ५० लाख लोक राहतात असं धरून भागा: १७८. धरण तेच, पाणी तेच, फक्त खालचा आकडा बदलला आणि "पुणेकर पाणी उधळतात" पासून "पुण्याला पाणी कमी पडतं" पर्यंत मथळा फिरला. यातला एकही आकडा घरात पोचलेल्या पाण्याचा नाही, हे वेगळंच.

४. भागायचं कशाने

वरच्या उदाहरणातली अडचण जवळपास प्रत्येक शहराला आहे. पक्की जनगणना २०११ ची. पुढची २०२७ मध्ये. मधल्या काळात हद्दी बदलल्या, गावं समाविष्ट झाली, पुण्यासारख्या शहराने तर दोनदा मोठा विस्तार केला. माझा नियम साधा आहे: दोन्ही शहरांची लोकसंख्या एकाच पद्धतीने पुढे न्या. २००१ ते २०११ चा वाढीचा वेग दोघांनाही लावा, किंवा दोन्ही पालिकांनी पाण्याच्या नियोजनात धरलेली लोकसंख्या घ्या. एकाची जनगणनेची आणि दुसऱ्याची अंदाजी, असं कधीही करू नका. आणि २०११ नंतर हद्दीत आलेल्या गावांचं पाणी धरलं असेल तर त्यांची माणसंही धरा.

ये-जा करणारी माणसं हा दुसरा पेच. मुंबईत रोज लोकलने येणारे लाखो लोक कार्यालयांत पाणी वापरतात आणि घरचं पाणी वसई, कल्याण, पनवेलला वापरतात. पंढरपूरसारख्या गावात आषाढीला गणित पूर्ण बदलतं. अशा शहरांत पाहुण्यांच्या पाण्याची वेगळी ओळ ठेवा, लोकसंख्येत मिसळू नका.

आणि सरासरीवर समाधान मानू नका. मुंबई महापालिका सात तलावांतून रोज साधारण ३,९०० एमएलडी पुरवते. २०११ च्या १ कोटी २४ लाखांनी भागलं तर माणशी ३१० च्या वर. या आकड्यात गळती, व्यवसाय, उद्योग सगळं आहे. पण खरी गोष्ट आत आहे: याच शहरात झोपडपट्टीसाठी माणशी ४५ लिटरचा निकष वर्षानुवर्षं वापरला गेला आणि इमारतींसाठी १३५ चा. जनगणनेनुसार मुंबईतली १०० पैकी ४१-४२ माणसं झोपडपट्टीत राहत होती. ज्या वस्तीत चाळीस घरांत एक नळ आहे तिथल्या बाईला ३१० लिटर हा आकडा दाखवून पाहा. म्हणून शक्य असेल तिथे शहराचे किमान दोन भाग करा: मीटर असलेल्या सोसायट्या आणि सामायिक नळाच्या वस्त्या. शहरा-शहरांतल्या फरकापेक्षा हा आतला फरक बहुतेकदा मोठा निघतो.

निकष म्हणून काय धरायचं? केंद्राच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेची १९९९ ची नियमावली भुयारी गटार असलेल्या शहरांना माणशी १३५ लिटर आणि महानगरांना १५० लिटर सुचवते. गटार नसलेल्या नगरांना ७०. ग्रामीण जलजीवन मिशनचा आकडा ५५ आहे. तुमच्या आकड्याला यांपैकी योग्य त्या निकषाशेजारी ठेवा. शहरी निकष खेड्याला आणि खेड्याचा शहराला लावू नका.

५. घरातलं पाणी स्वतः मोजा

कागदावरचे आकडे कितीही जमवा, थोडं तरी मोजमाप हाताने करा. वीस-पंचवीस घरं निवडा: बंगला, फ्लॅट, चाळ, झोपडपट्टी, टँकरवरची नवी वसाहत. प्रत्येक घरात सात दिवस नोंद ठेवा: पिंप किती लिटरचं, किती वेळा भरलं, गच्चीवरची टाकी किती वेळा, बोअरची मोटर किती मिनिटं, पिण्याचे जार किती. बोअरची धार मोजायला २० लिटरची बादली आणि घड्याळ पुरतं.

यातून दोन गोष्टी कळतात ज्या पालिकेच्या कागदात कधीच नसतात. पहिली, नळाव्यतिरिक्तचं पाणी. बंगळुरूचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून चढवून आणणारं हे शहर ऑक्टोबर २०२४ मधल्या पाचव्या टप्प्यापर्यंत रोज साधारण १,४५० एमएलडीवर होतं आणि या टप्प्याने त्यात ७७५ एमएलडीची भर पडली. पण कावेरीच्या नळाशिवाय मोठी उपनगरं वर्षानुवर्षं बोअर आणि टँकरवर उभी राहिली. फक्त नळाचे आकडे घेतले तर बंगळुरू कमी पाणी वापरणारं शहर दिसेल. ते खोटं आहे. पुण्याच्या कडेच्या नव्या वसाहतींनाही हेच लागू.

दुसरी गोष्ट साठवणीची. जिथे चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे घरोघरी टाक्या, पिंपं, हौद भरले जातात आणि पाणी आलं की साठलेलं "शिळं" पाणी ओतून ताजं भरलं जातं. सोलापुरात, संभाजीनगरात हे डोळ्यांनी पाहता येतं. त्यामुळे कमी वेळा येणारं पाणी म्हणजे कमी वापर, असं समीकरण मांडू नका. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी मिळतं. दिवसाआड हा वेळेचा आकडा आहे, लिटरचा नाही. दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहा.

६. उद्योगाचं पाणी: चार वह्या उघडाव्या लागतात

इथे बहुतेक जण चुकतात. पालिकेकडे "औद्योगिक नळजोडण्या" विचारायच्या, मिळालेला छोटा आकडा लिहायचा आणि "आमच्या शहरात उद्योग फक्त २ टक्के पाणी वापरतो" असा निष्कर्ष काढायचा. उद्योगाचं बहुतेक पाणी पालिकेच्या वहीत नसतंच.

पहिली वही पालिकेची: हद्दीतले वर्कशॉप, बर्फाचे कारखाने, लाँड्र्या, छोटे यंत्रमाग-प्रोसेस.

दुसरी वही एमआयडीसीची, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाच्या स्वतःच्या पाणीयोजना आहेत, काही ठिकाणी स्वतःचं धरणही. बदलापूरजवळचं बारवी धरण त्यातलंच. इथे उलटी चूक होते: एमआयडीसीचं सगळं पाणी उद्योगाचं धरलं जातं. बारवीचं पाणी कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, ठाणे, मीरा-भाईंदरच्या घरांपर्यंतही जातं. म्हणून एमआयडीसीकडे विचारताना "एकूण पुरवठा" नको, "कारखान्यांना किती, पालिका व ग्रामपंचायतींना किती" हे विचारा.

तिसरी वही थेट उचल करणाऱ्यांची: जलसंपदा विभागाशी करार करून नदीतून वा धरणातून पाणी घेणारे साखर कारखाने, कागद गिरण्या, वीज केंद्रं. कराराचा कोटा, प्रत्यक्ष उचल आणि आकारलेली पाणीपट्टी हे तीन आकडे वेगळे असतात. तिन्ही मागा.

चौथी वही कारखान्याची स्वतःची, आणि ती उघडायला कायद्याने दार ठेवलं आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात कारखान्याला रोज किती पाणी वापरायची आणि किती सांडपाणी सोडायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. ती परवानगीची कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष वापर नव्हे. प्रत्यक्षासाठी पर्यावरण विवरणपत्र पाहा, नमुना ५. ते दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यावं लागतं आणि त्यात प्रक्रिया, शीतकरण आणि घरगुती वापर असे वेगळे रकाने असतात. २०१७ पर्यंत आणखी एक चांगला स्रोत होता: १९७७ च्या पाणी उपकर कायद्याखाली कारखाने वापराची विवरणं भरत. वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर गेला आणि नोंदींची ती साखळीही तुटली. जुन्या वर्षांची तुलना करणार असाल तर त्या फायली अजूनही सोन्यासारख्या आहेत. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्या सेबीच्या नियमाने वार्षिक अहवालात पाण्याची उचल स्रोतानुसार देतात, पण तो आकडा बहुधा सगळ्या कंपनीचा असतो, तुमच्या शहरातल्या एका कारखान्याचा नाही.

माहितीच्या अधिकारात अर्ज करताना "पाण्याच्या वापराची माहिती द्यावी" असं लिहू नका. एका कार्यालयात मला अशा अर्जावर एका ओळीचं उत्तर आलं आणि दोन महिने वाया गेले. आता मी असं लिहितो: "१ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात, महिनावार, (अ) धरणातून उचललेलं कच्चं पाणी, (आ) शुद्धीकरण केंद्राच्या मीटरवरचं पाणी, (इ) घरगुती, व्यावसायिक, औद्योगिक, संस्थात्मक अशा वर्गवारीनुसार बिलात नोंदलेलं पाणी आणि जोडण्यांची संख्या, (ई) मीटर असलेल्या व नसलेल्या जोडण्या, (उ) टँकरच्या फेऱ्या व प्रत्येक टँकरची क्षमता." अर्जाला १० रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवस. त्याआधी पालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल वाचून घ्या. बरेच आकडे तिथेच सापडतात.

७. विजेचं पाणी वेगळं काढा

औष्णिक वीज केंद्र उद्योगात मोजलं की नाही, यावर अख्खा निकाल फिरतो. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांना एका मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटर ही मर्यादा घातली. १,००० मेगावॅटचं केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चाललं तर या मर्यादेतही ८४ एमएलडी लागतं. ते माणशी १३५ लिटरने ६ लाखांहून जास्त माणसांचं पाणी आहे. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्राला हाच हिशेब लावला तर कमाल २४५ एमएलडी येतं. चंद्रपूर शहराची २०११ ची लोकसंख्या होती ३ लाख २० हजार. आता चंद्रपूरची तुलना नाशिकशी करून पाहा. वीज धरली तर चंद्रपूर महाऔद्योगिक, वगळली तर मध्यम शहर. शिवाय ती सगळी वीज चंद्रपुरात वापरली जात नाही, ती राज्यभर जाते. परळीचं केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, तेव्हा हा संबंध सगळ्या मराठवाड्याला समजला.

देशाच्या पातळीवरही हाच घोळ दिसतो. राष्ट्रीय एकात्मिक जलसंपदा विकास आयोगाने १९९९ मध्ये २०१० सालासाठी जो जास्त मागणीचा अंदाज दिला त्यात घरगुती ४३, उद्योग ३७ आणि वीज १९ अब्ज घनमीटर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या नोंदीत त्याच वर्षी भारताचं शहरी-घरगुती ५६ आणि उद्योगाचं फक्त १७ अब्ज घनमीटर. एकात उद्योग आणि वीज मिळून घरांहून जास्त, दुसऱ्यात घरांच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. दोन याद्यांमधले आकडे उचलून एका तक्त्यात टाकणारे लेख मी पाहिलेत. तसं करू नका. एक यादी निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

८. उचल किती, संपलं किती, परत आलं किती

घरात आलेल्या पाण्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं नियोजनात धरतात. म्हणजे घर पाणी "खात" नाही, घाण करून परत देतं. शीतकरण मनोऱ्यात गेलेलं पाणी मात्र वाफ होऊन उडतं, बाटलीत भरलेलं पेय शहराबाहेर जातं. त्यामुळे उचल आणि प्रत्यक्ष संपलेलं पाणी असे दोन रकाने ठेवा.

तिसरा रकाना पुनर्वापराचा, आणि मला सर्वांत आशा वाटते ती इथेच. नागपुरात भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देण्यासाठी १३० एमएलडीचा प्रकल्प उभा राहिला. सुरतेत २०१४ पासून पांडेसरा औद्योगिक वसाहतीच्या कापड प्रक्रियेला शहराचं ४० एमएलडी शुद्ध केलेलं सांडपाणी मिळतं. चेन्नईत कोडुंगैयूर आणि कोयंबेडू इथे प्रत्येकी ४५ एमएलडीचे प्रकल्प उद्योगांना असंच पाणी देण्यासाठी आहेत. चेन्नईने २०१९ च्या उन्हाळ्यात तलाव कोरडे पडताना पाहिले. नागपूरचा उद्योग १३० एमएलडी वापरतो असं नुसतं लिहिलं तर तो आकडा धरणाच्या पाण्याचा वाटेल. तो घरांनी एकदा वापरलेल्या पाण्याचा आहे. तुलनेत तो ताज्या पाण्यात मिसळला तर ज्या शहराने चांगलं काम केलं त्यालाच शिक्षा होते.

९. ताळा जमतो का पाहा

शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यातून गळतीचा अंदाज वजा करा, उरलेल्याचे ८० टक्के काढा आणि शहराच्या मलनिस्सारण केंद्रांत व नाल्यांत येणाऱ्या सांडपाण्याशी तो आकडा ताडून पाहा. सांडपाणी अपेक्षेपेक्षा बरंच जास्त निघालं तर बोअर आणि टँकरचं पाणी हिशेबातून सुटलं आहे. कमी निघालं तर गटारं जोडलेली नाहीत किंवा गळती सांगितल्यापेक्षा मोठी आहे. एक सावधगिरी: सांडपाण्याचे सरकारी आकडे अनेकदा पुरवठ्यावरूनच काढलेले असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२०-२१ चा देशातल्या शहरी सांडपाण्याचा रोजचा ७२,३६८ एमएलडीचा आकडासुद्धा अंदाजच आहे. अशा आकड्याने ताळा घेतला तर तो जमणारच, कारण दोन्ही एकाच मुळातून आलेत. ताळ्यासाठी केंद्राच्या प्रवाहमापकाची प्रत्यक्ष नोंद हवी.

१०. सगळं एकत्र: जायकवाडीचा धडा

आता ज्या वादापासून सुरुवात केली तिथे या पायऱ्यांनिशी परत जाऊ. पैठणचं जायकवाडी धरण, म्हणजेच नाथसागर, संभाजीनगर शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर. त्याचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी. संभाजीनगरची लोकसंख्या आज १५ लाख धरू. माणशी १३५ लिटरने रोज २०२ एमएलडी, वर्षाला सुमारे ७४ दलघमी. म्हणजे धरण भरलं की त्यात शहराच्या जवळपास तीस वर्षांच्या घरगुती गरजेइतकं पाणी असतं. अर्थात ते तीस वर्षं टिकत नाही: बाष्पीभवन मोठं आहे, आणि धरण मुळात मराठवाड्याच्या शेतीसाठी बांधलं.

तरीही भरल्या धरणाच्या वर्षातही शहरातल्या कित्येक वसाहतींना पाणी आठवड्याने मिळालं, तर वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांना ते बऱ्यापैकी नियमित मिळत राहिलं. कारण कारखान्यांनी घरांचं पाणी पळवलं हे नव्हे. दोघांच्या जलवाहिन्या वेगळ्या आहेत. एमआयडीसीची स्वतंत्र योजना आहे. शहर मात्र ७०० आणि १,४०० मिलिमीटरच्या दोन जुन्या जलवाहिन्यांवर जगलं, ज्या फुटतात, गळतात आणि वाढलेल्या शहराला पुरत नाहीत. म्हणून २,५०० मिलिमीटरच्या नव्या जलवाहिनीची योजना आली, २०२० मध्ये तिचं भूमिपूजन झालं. त्या शहरातल्या आयाबायांनी रात्री दोनला उठून मोटर लावली ती धरण आटलं म्हणून नव्हे, धरणापासून घरापर्यंतची वाट अरुंद होती म्हणून. हे धरणाच्या दाराशी मोजून कळलं नसतं. नळाशी मोजूनही अर्धंच कळलं असतं. दोन्ही ठिकाणी मोजून, मधला फरक पाहिल्यावरच कळतं.

२०१६ ची गोष्ट वेगळी होती, कारण तेव्हा धरणच मृतसाठ्यात, म्हणजे दारांतून बाहेर न येणाऱ्या तळाच्या पाण्यावर, गेलं होतं. अशा वर्षी पाणी आधी पिण्याला, हे राज्याच्या जलनीतीतही आहे आणि माणुसकीतही. कपात योग्यच होती. पण दोन वेगळ्या वर्षांची कारणं एकमेकांवर लादली की कारखान्याला दोष देऊन जलवाहिनीचं काम मागे पडतं, आणि पुढच्या भरल्या वर्षीही बाई रात्री दोनलाच उठते.

११. मांडताना

प्रत्येक शहराला एक ओळ आणि हे रकाने: वर्ष, लोकसंख्या आणि तिचा स्रोत, कच्चं पाणी, शुद्ध पाणी, गळती, बोअर-टँकर, बिगरघरगुती, घरात पोचलेलं दरडोई लिटर, किती दिवसांनी किती तास. उद्योगाला वेगळी ओळ: पालिका, एमआयडीसी, थेट उचल, वीज, पुनर्वापर. उद्योगाचं पाणी लोकसंख्येने भागू नका, त्याला अर्थ नाही. ते उत्पादनाने भागा, टन कागदाला किंवा मीटर कापडाला किती, किंवा त्याच धरणातल्या एकूण उचलीत वाटा किती ते दाखवा. बिअरच्या कारखान्यात एका लिटर बिअरला चारेक लिटर पाणी लागतं. हा आकडा शहराच्या दरडोई पाण्याशेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. दुसऱ्या बिअर कारखान्याच्या आकड्याशेजारी ठेवा, मग कोण काटकसरीने चालतो ते दिसेल.

जो आकडा मोजलेला आहे तो ठळक, जो अंदाज आहे तो तिरपा छापा. ज्या शहरात निम्म्या जोडण्यांना मीटरच नाही तिथे बिलातला आकडा अंदाज आहे, कितीही दशांशस्थळं असली तरी. रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा आणि त्यासाठी कोणाकडे अर्ज केला, कधी केला, हे खाली लिहा. पुढच्या वर्षी दुसरं कोणी त्या शहराची वही उघडेल तेव्हा त्याला नेमकं तिथूनच सुरुवात करता येईल.